सेकंडहँड साउंड किटच्या नावाखाली १,०३,५०० रुपये गेले, शूटिंग लाइनमधल्यांनी वाचा

एक लाख तीन हजार पाचशे. मालिकेवर साउंड करणाऱ्याला एवढे साठवायला काय लागतं हे लाइनमधल्या माणसाला सांगायला नको, त्यात पेमेंट ९० दिवसांनी.

वाई, मेणवली, सातारा, सगळीकडे भाड्याच्या किटवर काम करत होतो, म्हटलं स्वतःची कार्ट, म्हणजे साउंडचं सामान लावलेली ढकलगाडी, उभी करू. पुण्याचा म्हणवणारा एक जण ऑनलाइन भेटला. मिक्सप्री-६ टू हा मिक्सर-रेकॉर्डर, सेनहायझर ४१६ माइक, सेनहायझरच्याच जी४ चे दोन लेपल सेट (कपड्याला लावायचे वायरलेस माइक, ट्रान्समीटर आवाज पाठवतो, रिसीव्हर पकडतो), बॅटरी आणि घडीची कार्ट, सगळं मिळून २,३५,०००. फुकटात देतो असं कुठे म्हणाला? सेकंडहँडचा असतो तसाच भाव होता, म्हणून तर विश्वास बसला. व्हिडिओ कॉल मागितला तर नेट नाही म्हणून क्लिप पाठवली, त्यात मीटर हलत होते, आवाज येत होता, अजून काय बघायचं माणसाने? क्लिपवर जाऊ नका, चालू कॉलवर सिरीयल नंबरशेजारी तुमचं नाव आणि तारीख लिहिलेला कागद धरायला लावा.

आणि ज्या गोष्टीने अजून झोप लागत नाही ती ही. एकच सेट म्हणून त्याने दोन फोटो पाठवले, रिसीव्हरच्या स्क्रीनवर ५२३ मेगाहर्ट्झ, ट्रान्समीटरवर ५८२. जी४ चा ए रेंजचा सेट ५१६ ते ५५८ मध्येच चालतो, जी रेंजचा ५६६ ते ६०८ मध्ये, हे दोन जन्मात एकमेकांना पकडणार नाहीत! म्हणजे दोन वेगळ्या लोकांच्या वस्तूंचे फोटो उचललेले. रोज सकाळी मी पहिलं हेच जुळवतो हो. पण फोटो आले तेव्हा घाटावर सीन चालू, कानात हेडफोन, हात मिक्सरच्या फेडरवर (आवाज कमी-जास्त करायचं बटण), आणि हा मागे लागलेला की दुसरं गिऱ्हाईक दारात आहे. अशात कोण आकडे वाचतं?

४०,००० आणि ४५,००० यूपीआयने गेले. दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सच्या पार्सलची पावती आणि वर १८,५०० 'इन्शुरन्स, परत मिळेल'. परत मिळणारे पैसे कोणी आधी मागितले की तिथेच फोन ठेवा. रात्री साताऱ्याच्या बॉम्बे रेस्टॉरंट चौकात थांबलो, गाडी आली, ड्रायव्हरने डिकी उघडून दाखवली, माझ्या नावाचं काहीच नाही. त्या पुणेवाल्याचा फोन बंद.

मग पोलिस ठाणे. मिक्सरला दोन लाख कशाला लागतात इथपासून सुरुवात, पैसे तुम्हीच पाठवले ना, समोरचा पुण्याचा आहे तर पुण्याला जा. अरे, १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, तक्रार घ्यावीच लागते. हे मला नंतर वकिलाने सांगितलं, ठाण्यातल्या एकाही माणसाने नाही. साहेब बंदोबस्ताला, साहेब मीटिंगला, अर्ज ठेवून जा, पोच मागितली तर उद्या या. बँकेत गेलो तर म्हणे पिन तुम्हीच टाकला, आमची जबाबदारी नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलिस म्हणतात बँकेचं आणा. तोवर त्या खात्यातून सगळं काढून झालं होतं.

ठाण्याच्या बाकावर बसू नका, आधी १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा, पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तरच ते अडकवता येतात.

तेच दोन फोटो आता कोल्हापूरच्या एका बूमवाल्याला (सेटवर माइकची काठी धरणाऱ्याला) आलेत, भाव १,९०,०००, नाव वेगळं. त्याने मला दाखवले म्हणून वाचला. ५२३ आणि ५८२ दिसले तर एक रुपयाही पाठवू नका.