खुब्याचा दांडा पुन्हा बदलायचा आहे, कोणता टाकावा?

पुसदकडचे एक काका आले होते. खुब्याचा सांधा आधी एकदा बदललेला, म्हणजे मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा हाडाच्या सिमेंटने चिकटवलेला. एक्स-रे बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला. खुर्चीतून उठताना मांडीत कळ येते, दहा पावलं चाललं की कमी होते. एक्स-रे खिडकीशी धरला, तर सिमेंटभोवती काळी रेघ आणि दांडा खाली सरकलेला. मुलाचा पहिला प्रश्न, "साहेब, इम्पोर्टेडच टाकू का?"

कंपनीचं नंतर पाहू. आधी पू नाही ना, ते बघायचं: ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या आणि सांध्यातलं पाणी. पू असेल तर सगळा बेतच बदलतो. मग मांडीचं चांगलं हाड किती उरलंय ते मोजायचं. दांड्याची निवड त्यावरच ठरते.

पुन्हा सिमेंट? जुनं सिमेंट हाडाला घट्ट असेल, तर त्यातच नवा दांडा बसवता येतो. थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला हे सोपं पडतं. पण सिमेंटच सुटलं असेल, तर आतलं हाड टाकी न लावलेल्या पाट्यासारखं गुळगुळीत होतं, नवं सिमेंट धरत नाही.

कोबाल्ट-क्रोमचा लांब, गोल, खरखरीत दांडा जुना आणि भरवशाचा. मात्र त्याला किमान ४ सेंमी चांगलं, घट्ट धरणारं हाड लागतं. धातू ताठ असल्याने भार थेट खाली उतरतो आणि वरचं हाड झिजत जातं. जाड मापाचा असेल तर मांडीही दुखते.

म्हणून मी टायटॅनियमच्या निमुळत्या, धारा असलेल्या दांड्याकडे झुकतो. ताठरपणा जवळपास निम्मा. कुऱ्हाडीत पाचर बसावी तसा तो हाडात बसतो आणि धारांमुळे फिरत नाही. वरचं हाड गेलेलं असलं तरी चालतं.

खरी ओढाताण पुढे आहे: अखंड की जोडाचा? जोडाच्या दांड्यात खालचा भाग आधी पक्का करतात, मग वरच्या भागाने पायाची लांबी आणि दिशा जुळवतात. सर्जनला सोयीचं, पण महाग. शिवाय वर हाडाचा आधार नसेल आणि माणूस वजनदार असेल, तर तो जोड गंजू शकतो, तुटूही शकतो. अखंड दांड्यात जोडाची भीती नाही, पण उंची एकदाच अचूक साधावी लागते. तो थोडा खाली बसला की पाय आखूड. हाड सरळ असेल तर शेतकऱ्याला मी अखंड सुचवतो, वाकलेलं असेल तर जोडाचा.

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंटचं वेगळं. अनेकांचा खुब्याचा गोळा ऐन तरुणपणी सुकतो आणि सांधा लवकर बदलावा लागतो, म्हणून पुढे दुसरं ऑपरेशन लागण्याची शक्यता जास्त. त्यांच्या हाडाची पोकळी कधी कधी दगडासारखी भरलेली असते, ड्रिल करताना हाड फुटू शकतं. तिथे दांड्यापेक्षा सर्जनचा हात मोलाचा.

मांडीचं वरचं हाड पूर्णच गेलं असेल, तर कॅन्सरवाल्यांना लावतात तसा मोठा कृत्रिम भाग उरतो. तो शेवटचा उपाय, त्यात सांधा निखळायची भीती जास्त.

काकांसाठी अखंड टायटॅनियम ठरलं. निंदायला कधी जाता येईल, हे काकूंनी तीनदा विचारलं. मी मात्र जुन्या ऑपरेशनच्या कागदावरचा स्टिकर मागितला. कमरेच्या हाडात बसवलेली कृत्रिम वाटी अजून घट्ट आहे, ती ठेवायची तर तिच्यात दांड्यावरचा कोणत्या मापाचा गोळा बसतो ते त्यावरच लिहिलेलं असतं. फाइल घरी लोखंडी पेटीत आहे म्हणाले. उधईने खाल्ली नसेल, तर सोमवारी आणतील.