डोळ्याचा कोपरा आणि डोळ्याखालची चरबी: एकदमच करावं की वेगवेगळं?

दक्षिण कोरियात, सोलच्या गंगनम भागात डोळा मोठा दिसावा म्हणून त्याचा कोपरा छेद देऊन उघडणं आणि डोळ्याखालची फुगलेली चरबी (पिशवी) सपाट करणं, दोन्ही शस्त्रक्रिया अनेकदा एकाच भुलीत करतात. खर्च आणि सुट्टी वाचते, हे खरं. पण निर्णय कोपरा कोणता, आतला की बाहेरचा, यावर घ्यावा.

आतल्या कोपऱ्यावर नाकाकडची त्वचेची घडी सोडवतात. चरबीसाठी छेद खालच्या पापणीच्या आतून घेतात आणि चरबी हाडाच्या कडेवरून नाकालगतच्या खोबणीत सरकवतात. दोन्ही छेद वेगळे, एकाचा ताण दुसऱ्यावर येत नाही. इथे एकदम करायला हरकत नाही. टाके 5 ते 7 दिवसांत निघतात, व्रणाची लाली मात्र काही महिने टिकू शकते. आपल्याकडे बहुतेकांना ही घडी ठळक नसतेच, मग तो कोपरा उघडून मिळवायचं काय?

बाहेरच्या कोपऱ्याचं गणित वेगळं. खालची पापणी तिथे हाडाला बांधलेली असते. कोपरा उघडताना ती बांधणी सैल होते आणि चरबीच्या छेदाचा व्रण पापणीला आतून खाली ओढू शकतो. पापणी उतरली की बुबुळाखालचा पांढरा भाग दिसतो, डोळा कोरडा पडतो, वर पाणीही गळतं. शिवाय पापणीतल्या द्रवाचा निचरा बराचसा याच बाजूने होतो, त्यामुळे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची सूज कधीकधी कित्येक आठवडे रेंगाळते.

म्हणून तपासणीत सर्जन पापणी चिमटीत धरून पुढे ओढतो. ती 6 ते 8 मिमीपेक्षा जास्त दूर येत असेल, सोडल्यावर रेंगाळत परतत असेल, किंवा डोळा गालाच्या हाडापेक्षा पुढे असेल, तर कोपऱ्याला आधार देणारा टाका हवाच. तो देणार नसतील तर दोन्ही एकदम नकोत. आधी चरबी, सहा महिन्यांनी कोपरा. पिशवी गेल्यावर अनेकदा कोपऱ्याची गरजच वाटत नाही.

डोळ्याखालचा काळेपणा पिशवीच्या सावलीचा नसून त्वचेच्या रंगाचा असेल तर चरबी हलवून तो जात नाही. समोरून भरपूर उजेड घेऊन आरशात पाहा: सावली फिकी होते, रंग तसाच राहतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. शस्त्रक्रियेनंतर एका डोळ्यात जोराची कळ, डोळा दगडासारखा कडक किंवा दिसणं अंधूक झालं, तर सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा. आत साचलेल्या रक्ताच्या दाबाने दृष्टी कायमची जाऊ शकते.