‘ह्यात गिटार कुठाय?’ : डायलेकचा ‘ॲब्सेन्स’, एका बेसवालीने ऐकलेला

बँडच्या फोटोत मी कायम कडेला. एका पोस्टरवर तर माझा अर्धाच चेहरा आला होता, उरलेल्या अर्ध्यावर कार्यक्रमाची वेळ छापली होती. तेरा वर्षं मेटल (म्हणजे जड, कर्कश रॉक) बँडमध्ये बेस गिटार वाजवल्यावर एक सवय लागून जाते. कुठलीही रेकॉर्ड लावली की सगळे ज्याच्याकडे बघतायत त्याला सोडायचं आणि मागे कोण उभं आहे ते शोधायचं. डायलेक या गटाच्या ‘ॲब्सेन्स’ अल्बमची सीडी मी अशीच मागच्या माणसासाठी घेतली. सेकंडहँड. डबीचा एक कोपरा उडालेला, आतली पुस्तिका ओल लागून चिकटलेली. विकणाऱ्याने ‘उत्तम स्थितीत’ असं लिहिलं होतं. त्यावर पुढे येतेच.

आधी गटाच्या नावाचं बघू. ‘ए’वर दोन टिंबं असलेलं हे नाव मी बरीच वर्षं ‘डालेक’ म्हणत होते. खरा उच्चार ‘डायलेक’, म्हणजे ‘डायलेक्ट’मधला शेवटचा ‘ट’ गाळायचा. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या न्यूअर्क शहराचा हा हिपहॉप गट. माईकवर विल ब्रुक्स, तोही डायलेक याच नावाने. निर्माता, म्हणजे गाण्यांचा सगळा आवाज रचणारा, अलाप मोमीन, टोपणनाव ऑक्टोपस. (नावातच ‘अलाप’ असलेला माणूस भिंतीसारखा गोंगाट रचतो, ही गंमत मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको.) आणि टर्नटेबलवर, म्हणजे हाताने रेकॉर्ड फिरवून आवाज काढणारा, स्टिल. ‘ॲब्सेन्स’ 2005 चा, इपेकॅक या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडून. हे लेबल फेथ नो मोअर या रॉक बँडच्या गायकाचं, माईक पॅटनचं, त्यामुळे मेटलवाल्यांच्या कानावर हे नाव थोडंफार गेलेलं असतं. फक्त कानावर. ऐकलेले फार थोडे.

आमच्या ड्रमरला मी पहिलं गाणं, ‘डिस्टॉर्टेड प्रोज’, तालमीच्या खोलीत मोठ्या स्पीकरवर ऐकवलं. सुरुवातीला नुसता आवाज येतो. ताल नाही, वाद्य नाही, एक माणूस तडातडा बोलतोय. आमचा ड्रमर कपाळाला आठ्या घालून उभा. मग एकदम सगळं कोसळतं, म्हणजे कपाटावरची जुनी पेटी ओढायला जावं आणि अख्खं कपाटच अंगावर यावं तसं. तो दोन पावलं मागे सरकला. गाणं संपेपर्यंत गप्प होता, आणि मग म्हणाला, “अगं, पण ह्यात गिटार कुठाय?”

त्याच्या या प्रश्नातच सगळी मेख आहे. जड संगीत आणि हिपहॉप यांची सोयरीक जुनी आहे, पण ती आपण नेहमी गिटारच्या बाजूनेच मोजतो. 1984 मध्ये रन डीएमसी या हिपहॉप गटाने ‘रॉक बॉक्स’ हे गाणं केलं. दोन वर्षांनी एरोस्मिथ या रॉक बँडबरोबरच्या गाण्याने ते घराघरात पोचले आणि सगळं श्रेय त्या जोडगोळीला गेलं. ‘रॉक बॉक्स’वर गिटार वाजवणाऱ्या एडी मार्टिनेझचं नाव मी निदान वीस गिटारवाल्यांना विचारलं असेल. एकाला माहीत होतं. पुढे 1991 मध्ये मेटल बँड ॲन्थ्रॅक्स आणि हिपहॉप गट पब्लिक एनिमी एकत्र आले, ते तर सगळ्यांना तोंडपाठ. पण त्याच पब्लिक एनिमीच्या 1988 च्या अल्बमवर स्लेयर या मेटल बँडच्या रिफचा (गिटारच्या परत परत येणाऱ्या धुनेचा) तुकडा आधीच वापरलेला होता. त्या अल्बमचा सायरनसारखा, मेंदूला गिरमिट लावणारा गोंगाट ज्यांनी रचला त्या बॉम्ब स्क्वॉड या निर्मात्यांच्या चमूतला एरिक सॅडलर कुणाच्या लक्षात आहे? माईकवरचा चक डी आठवतो, त्याच्या जोडीदाराचं, फ्लेवर फ्लेवचं, गळ्यातलं घड्याळ आठवतं. सॅडलर राहतो कडेला, माझ्यासारखा.

उलट्या, म्हणजे मेटलच्या बाजूलाही तेच. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या गॉडफ्लेश या बँडने 1989 च्या ‘स्ट्रीटक्लीनर’वर ड्रमर न ठेवता ड्रम मशीन लावलं. त्यांचा गायक आणि गिटारवाला जस्टिन ब्रॉडरिक याचं नाव निदान मेटलच्या जाणकारांत घेतलं जातं. पण तो अल्बम पेलतो बेन ग्रीनचा बेस, पत्र्यावर घण घातल्यासारखा. मी वाजवायला शिकत होते तेव्हा चार महिने फक्त तो आवाज काढायचा प्रयत्न केला. तार जाड घेतली, पिक बदलला, ॲम्पचा नॉब शेवटापर्यंत फिरवला. शेवटी ॲम्प गेला, आवाज काही आला नाही. याच ब्रॉडरिकने केविन मार्टिनबरोबर टेक्नो ॲनिमल नावाने काम केलं, आणि त्यात डायलेकही त्यांच्याबरोबर होता. म्हणजे ही मंडळी एकमेकांना कधीचीच ओळखत होती. ओळख व्हायची राहिली होती आपली.

तर गिटार कुठाय? मी हेडफोन लावून तेच शोधत बसले. ‘असायलम’ आणि ‘कल्चर फॉर डॉलर्स’ या दोन गाण्यांवर माझी सगळी संध्याकाळ गेली. बेस मांडीवर घेतला, म्हटलं निदान मूळ स्वर तरी पकडू. एका जागी ‘ई’ हा स्वर वाटला म्हणून तार छेडली, तर माझा स्वर आणि त्यांचा स्वर एकमेकांना घासत ‘वँव वँव’ करायला लागले. खुंटी जरा सैल केली, तरी जमेना. दोन पट्ट्यांच्या फटीत बसलेला तो आवाज आहे. तंबोरा लावताना जवारीचा दोरा एक केस पुढेमागे झाला की जशी चरचर येते, तशी चरचर इथे थरावर थर देऊन मुद्दाम वाढवलीय. मात्र या सगळ्याच्या खाली ठेका एकदम कोरडा आणि सरळ. किक (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका) येते तिथे गोंगाट हलकेच बाजूला होतो आणि लगेच परत भरून येतो. आमच्या बँडच्या मिक्समध्ये हे कधी झालं नाही. गिटारवाला खालची पट्टी सोडत नाही, मग मी आणि किक ड्रम त्याच चिंचोळ्या बोळात एकमेकांना कोपर मारत असतो. ऑक्टोपसने एकही गिटारवाला पुढे उभा न करता आमच्या कुठल्याही गाण्यापेक्षा जड गाणी केली, कारण खालची जागा कोणाची हे त्याने आधीच ठरवलेलं असणार.

स्टिलबद्दल तर कोणीच बोलत नाही. टर्नटेबल म्हटलं की आपल्याला ती ‘विकी विकी’ खरवड अपेक्षित असते, आणि नव्वदीच्या शेवटच्या मेटल बँडांनी ती चटणीसारखी ताटाच्या कडेला वाढली. इथे रेकॉर्डची घसट लांबवत नेलीय, इतकी की ती गोंगाटात कुठे मिसळली ते कळत नाही. कोणाचं बोट कुठल्या आवाजावर आहे हे सांगता येत नाही, आणि ज्याचं बोट दिसत नाही त्याला टाळ्या मिळत नाहीत.

आता खटकलेलं. पहिली गोष्ट म्हणजे शब्द. ब्रुक्स दाटीवाटीने लिहितो. गुलामगिरी, वंशवाद, विकाऊ झालेली संस्कृती असा सगळा ऐवज आहे, पण आवाज त्या भिंतीत इतका चिणलाय की पहिल्या फेरीत चारातला एक शब्द हाती लागतो. पुस्तिका हवीच, आणि माझी चिकटलेली. दुसरं, त्याची म्हणण्याची लय फारशी बदलत नाही. सहाव्या ‘कोनर’पर्यंत, जिथे शब्दच नाहीत, मी दमले होते. तिथे जरा सुटल्यासारखं वाटलं. नवव्या ‘एव्हर सॉम्बर’मध्ये धुक्यातून सूर वर येतो, अगदी सुंदर. ते गाणं इतकं शेवटी का ठेवलं कोण जाणे. माझ्या हातात असतं तर पाचव्या जागी आणलं असतं.

मेटल ऐकणाऱ्याने सुरुवात कुठून करावी? एकदम इथून करायची असेल तर करा, पण कान शेकले तर मला बोल लावू नका. 2022 चा ‘प्रेसिपिस’ त्या मानाने मोकळा आहे, त्यात आवाज समोर येतो. 2016 चा ‘ॲस्फाल्ट फॉर ईडन’ तर प्रोफाउंड लोअर या चक्क मेटलच्या लेबलवरच निघाला, तेव्हा ‘हे आपलं नाही’ ही सबब तिथे चालत नाही. त्या अल्बममध्ये मोमीन नाही, आणि ते जाणवतं. मला तरी.

‘ॲब्सेन्स’ फोनच्या स्पीकरवर मात्र अजिबात ऐकू नका. ठेका गायब होतो, उरते ती मिक्सरची घरघर. बरा हेडफोन लावा आणि आवाज नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवा, हो, कमीच. मग थर वेगळे सुटतात. मी पाचात साडेचार देते, अर्धा गुण त्या गाण्यांच्या क्रमाचा कापला.

आणि ती ‘उत्तम स्थितीतली’ सीडी. आठवं गाणं, ‘आइज टू फॉर्म शॅडोज’, माझ्याकडे मधेच अडखळायचं. एक तुकडा तीनदा, चारदा, मग झटका देऊन पुढे. मला वाटलं काय डोकं लावलंय, ठेका मोडून परत जोडतायत. ड्रमरला मुद्दाम ते ऐकवलं. तोही बोटांवर मात्रा मोजत बसला, म्हणाला, सात आहेत बहुतेक. तीन आठवड्यांनी तेच गाणं ऑनलाइन ऐकलं तर ते सरळ, गुळगुळीत निघून गेलं. सीडी उजेडात धरली, कडेपासून आतपर्यंत नखाएवढा ओरखडा. विकणाऱ्याला खरमरीत मेसेज लिहायला घेतला होता, पण पाठवला नाही. ड्रमरने ते सात मात्रांचं आमच्या नव्या गाण्यात घातलंय.