हिगोनोकामी : लॉक नसलेला जपानी घडीचा चाकू (वापरानंतरचा अनुभव)

घडीचा चाकू म्हटला की उघडलेले पाते जागच्या जागी राहावे म्हणून त्यात काहीतरी अडकण असणार, असे आपण धरूनच चालतो. हिगोनोकामीत ती नाही. दुमडलेल्या पितळी पत्र्याची मूठ, एक पाते, ते धरून ठेवणारा एक रिवेट आणि रिवेटच्या मागे पात्यालाच निघालेली छोटीशी शेपटी, जिला ‘चिकिरी’ म्हणतात, एवढ्यात चाकू संपतो. पाते उघडले की चिकिरी मुठीच्या पाठीवर येऊन टेकते आणि चाकू हातात धरताच अंगठा आपसूक तिच्यावर पडतो. लॉकचे काम वापरणाऱ्याने अंगठ्यानेच करायचे असते.

गेल्या उन्हाळ्यापासून हा चाकू रत्नागिरीत माझ्या कामाच्या टेबलावर आहे. पाते सुमारे 7.5 सेंटिमीटर लांब असून आत कडक कार्बन पोलाद आणि दोन्ही बाजूंना मऊ लोखंड अशी त्याची बांधणी आहे. मुख्य काम चित्रकलेच्या पेन्सिली तासण्याचे. 4बी किंवा 6बी अशा मऊ पेन्सिलीचे शिसे बोटाच्या पेराएवढे उघडे हवे असते, ते कोणतेही शार्पनर करून देत नाही. येथे मात्र लाकडाचे लांब, पातळ कपचे सुटतात आणि शिसे न मोडता मोकळे होते. धारेचा उतार सपाट आणि रुंद असल्यामुळे पाते लाकडात किती खोल शिरते आहे, हे हाताला कळते. याच रुंद उताराचा दुसरा फायदा धार लावताना होतो. कोन अंदाजाने साधावा लागत नाही; संपूर्ण उतार दगडावर टेकवायचा आणि पाणी घालून घासायचे. धार लावण्यात नवख्या असलेल्या माणसालाही ते लवकर जमते.

कोकणातल्या पावसाळ्याचा प्रश्न वेगळा. पहिल्यांदा कैरी चिरली तेव्हा पाते बघता बघता निळसर करडे झाले आणि फोडींना लोखंडाची किंचित चव आली. हा करडा थर मी घासून काढलेला नाही, कारण एकदा तो नीट बसला की पुढचा गंज कमी होतो आणि चवही लागेनाशी होते. खरी काळजी घ्यावी लागते ती मुठीच्या आत, जेथे फडके पोहोचत नाही. जुलैत रिवेटच्या भोवती तांबूस ठिपके दिसू लागले, तेव्हापासून काडीला कापूस गुंडाळून आत खोबरेल फिरवण्याचा क्रम ठेवला आहे. ज्यांना हे सोपस्कार नकोत त्यांनी स्टेनलेस पोलादाचा चाकू घ्यावा, हे मी अगदी मनापासून सांगतो.

रिवेट वापरून सैल होतो. हा दोष नव्हे. पाते केवळ घर्षणावर धरलेले असल्यामुळे तसे होणारच. लोखंडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीचा हलका ठोका दिला की पकड परत येते, मात्र ठोका जोराचा बसला तर पाते नखाने उघडणे कठीण जाते. टोक खुपसून भोक पाडण्याचे काम या चाकूने करू नये. अंगठा चिकिरीवरून सरकला तर पाते बोटांवर मिटते.

एवढ्या साध्या वस्तूची पैदास जवळजवळ थांबावी, याचे कारण तिच्या घडणीत नाही. ह्योगो प्रांतातील मिकी या हत्यारे बनवणाऱ्या गावात 1890 च्या दशकात हा चाकू तयार होऊ लागला आणि पुढे जपानी शाळकरी पोराच्या खिशात पेन्सिल तासण्यासाठी तो असायचाच. 12 ऑक्टोबर 1960 रोजी टोकियोत समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो असानुमा यांची सतरा वर्षांच्या मुलाने भर सभेत हत्या केली. शस्त्र होते आखूड तलवार, खिशातला चाकू नव्हे. तरीही मुलांच्या हाती पाते नको अशी मोहीम देशभर पसरली. शार्पनर आणि ओसाकाच्या योशिओ ओकादा यांनी 1956 मध्ये शोधलेला पात्याचे बोथट तुकडे मोडत वापरायचा कटर यांनी उरलेले काम काढून घेतले. एके काळी मिकीत हा चाकू करणारे अनेक कारागीर होते. आज मूळ नावाने तो बनवणारा एकच कारखाना उरला आहे.

रामपुरीची कथा फारशी वेगळी नाही. हिंदी सिनेमाने तो गुंडाच्या हाती दिला, 1990 च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंधने आणली आणि कारागिरांची गिऱ्हाइके गेली. अमेरिकेत बटण दाबताच उघडणाऱ्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर 1958 च्या कायद्याने अशीच गदा आली. या तिन्ही ठिकाणी चाकू कापत नव्हता म्हणून बंद पडला नाही.

रचनेनेच मागे पडलेल्या चाकूंचे उदाहरण म्हणून मी अमेरिकी चाकू-कारागीर पॉल पोहलमन यांचा चाकू सांगेन. त्यात लॉक थेट पात्याच्या आसात, म्हणजे पाते ज्याभोवती फिरते त्या खिळ्यात, बसवलेले होते आणि गर्बर कंपनीने तो काही वर्षे विकलाही. कल्पना देखणी, पण आसाचे भाग फार अचूक कातावे लागतात आणि तो खर्च साध्या लॉकच्या चाकूंच्या किमतीशी स्पर्धा करू शकत नाही. हिगोनोकामीपुढे ही अडचण कधीच नव्हती; पत्रा, पाते आणि रिवेट यांत महाग पडण्यासारखे आहेच काय? म्हणूनच मागणी आटली तरी एक कारखाना तगू शकला, असे मला वाटते.

चिकिरी पात्याच्या पाठीच्या रेषेत असल्यामुळे डावखुऱ्यांना हा चाकू तितकाच सोयीचा आहे. मुठीच्या आतल्या एका बाजूची पट्टी सरकून पाते अडवते अशा, म्हणजे लाइनर लॉकच्या, बहुतेक चाकूंबाबत असे म्हणता येत नाही. लहान मुलांना देऊ नये आणि विमानाने जाताना केबिनच्या सामानात ठेवू नये. घेताना पाते अर्ध्यावर उघडून चाकू उलटा धरून पाहावा. पाते स्वतःच्या वजनाने मिटत असेल तर दुसरा नग मागावा.