अभ्यासिकेतले आठ बीएलडीसी पंखे, दोन उन्हाळ्यांनंतर

जळगावात माझी चाळीस मुलांची अभ्यासिका आहे. इथला मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना पंख्याचं मोल सांगायला नको. सकाळी सहा ते रात्री दहा आठही पंखे चालू असतात. आधीचे ७५ वॅटचे होते. ते काढून २८ वॅटचे बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे, पंखे बसवले.

पंख्यामागे ४७ वॅट वाचतात, म्हणजे आठ पंख्यांचे सोळा तासांत सहा युनिट. पण खरा फरक मला वीज गेल्यावर कळला. पूर्वी इन्व्हर्टरवर चारच पंखे ठेवायचे आणि मागच्या रांगेतली मुलं वहीनं वारा घेत बसायची. आता आठही फिरतात. जुन्या मोटरी हात लावू नये इतक्या तापायच्या, ती सगळी फुकट गेलेली वीज. नव्या मोटरीत फिरणाऱ्या भागात कायमचे चुंबक असतात, त्यामुळे ती नासाडी बरीच कमी.

हे पंखे इतक्या उशिरा का आले, हा प्रश्न मला सतावतो. बीईई ही ऊर्जा बचतीसाठीची केंद्र सरकारची संस्था. उपकरण विजेची किती बचत करतं ते लेबलवर ताऱ्यांनी दाखवणारी तिची स्टार योजना २००६ची, पण पंख्यांसाठी ती २०२२ अखेरपर्यंत ऐच्छिकच होती. त्या काळात मी दुकानात पाहिलं ते हेच, रंग नवे, पात्यांची नक्षी नवी, मोटर तीच. आयआयटी मुंबईत शिकलेल्या तरुणांच्या अ‍ॅटमबर्गने मात्र २०१५ मध्ये, कुणाची सक्ती नसताना, २८ वॅटचा पंखा आणला. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. १ जानेवारी २०२३ला लेबल सक्तीचं झालं, मोजणी कडक झाली आणि जुना पाच तारेवाला पंखा एका ताऱ्यावर आला. त्यानंतर दुकानदार स्वतःहून बीएलडीसी दाखवू लागला. ऐच्छिक लेबलनं मनापासून करणाऱ्याला मोजपट्टी दिली, बाकीच्यांना सक्तीनंच हलवलं, असं माझं मत.

माझे पंखे दुसऱ्या कंपनीचे. वारा भरपूर, आवाज जवळजवळ नाही. अडचण रिमोटची: आठही पंखे एकाच मॉडेलचे, त्यामुळे एकाचा वेग कमी करायला जावं तर शेजारचाही मंदावतो. एका खोलीत बरेच लावणार असाल तर दुकानातच याबद्दल विचारा. आणि जुना रेग्युलेटर काढायला लावाच. आमच्या वायरमननं दोन ठिकाणी तो तसाच ठेवला होता, ते पंखे आठवडाभर अडखळत होते. काढल्यावर सुरळीत झाले.

किंमत साध्या पंख्याच्या जवळपास दुप्पट पडली. तरी जिन्याजवळच्या खोलीसाठी आणखी दोन सांगून ठेवलेत.