हायस्कूलसाठी सेकंडहँड बेसबॉल बॅट घेताय? आमच्या गळ्यात काय पडलं ते वाचा

आठवीतून नववीत जाणाऱ्या ज्या मुलांना शाळेच्या बेसबॉल टीमसाठी ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी, द्यायची आहे, त्यांच्या आईबाबांसाठी हे लिहिते आहे. आम्ही राहतो न्यू जर्सीत, पण हा प्रकार अमेरिकेत कुठेही होऊ शकतो. आम्हाला 240 डॉलरला एक बॅट विकण्यात आली. कंपनी नावाजलेली, रंग शाबूत, शिक्का अस्सल. या पोकळ बॅटीची आतली भिंत मात्र लेथवर तासून पातळ केलेली. इकडे याला ‘शेव्ह्ड बॅट’ म्हणतात. हे काम पैसे घेऊन करून देणारे लोक इंटरनेटवर राजरोस जाहिरात करतात, त्यामुळे आम्हाला भेटलेला इसम काही एकटादुकटा नाही.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या लोकांना बेसबॉलच्या बॅटींचे नियम ठाऊक नसतात, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. मिडल स्कूलपर्यंत मुलं ट्रॅव्हल टीममध्ये (शाळेबाहेरच्या, गावोगावी स्पर्धा खेळणाऱ्या टीममध्ये) ज्या बॅटी वापरतात, त्यांवर बहुतेक वेळा यूएसएसएसए या खेळ संघटनेचा शिक्का असतो. त्या 2.75 इंचांपर्यंत जाड असतात आणि लांबीच्या मानाने चांगल्याच हलक्या. हायस्कूलला यातलं काही चालत नाही. 1 जानेवारी 2012 पासून हायस्कूलच्या राष्ट्रीय नियमांप्रमाणे धातूच्या किंवा कंपोझिट (कार्बनच्या तंतूंच्या) बॅटीवर ‘बीबीकोर .50’ असा आयताकृती शिक्का लागतो. जाडी 2.625 इंचांपेक्षा जास्त नको, लांबी 36 इंचांच्या वर नको, आणि औंसातलं वजन हे इंचातल्या लांबीपेक्षा तीनाहून जास्त कमी नको. म्हणजे 33 इंची बॅट ग्रिपचं वजन सोडून निदान 30 औंस भरली पाहिजे. यालाच सगळे ‘ड्रॉप थ्री’ म्हणतात. एकसंध लाकडाची बॅट असेल तर शिक्का लागत नाही.

ते .50 म्हणजे चेंडू बॅटीवरून किती जोराने उसळावा याची कमाल मर्यादा. लाकूड फारसं दबत नाही. पोकळ बॅटीची पातळ भिंत मात्र क्षणभर आत जाते आणि चेंडूला परत फेकते. समोर चेंडू टाकणारा पिचर उभा असतो 60 फूट 6 इंचांवर, चेंडू टाकून झाल्यावर त्याहूनही जवळ, आणि अंगावर पॅड नाहीत की डोक्याला हेल्मेट नाही. उसळी लाकडाच्या आसपास राहावी म्हणून हा सगळा खटाटोप.

तर हे नियम सांगणारी कोचची ईमेल आली आणि आमच्या गॅरेजमधल्या बॅटी एका दिवसात निकामी झाल्या. नव्या कंपोझिट बॅटींच्या किमती बघितल्या तर 400, 450, 500 डॉलर. नवरा म्हणाला, एवढ्यात मेरठहून अख्ख्या टीमच्या बॅटी आल्या असत्या. सेकंडहँडचा शोध सुरू झाला तो तिथून.

जाहिरात अशी होती: मुलगा कॉलेजला गेला, एक सीझन वापरलेली 33 इंच 30 औंसाची कंपोझिट, ‘फुल्ली ब्रोकन इन’ (म्हणजे पूर्ण खेळवलेली), जबरदस्त पॉप (म्हणजे उसळी). सोबत शिक्क्याचा जवळून काढलेला फोटो. पावतीचाही फोटो, वरचं नाव अंगठ्याने झाकलेलं. मी त्याबद्दल विचारलं तर ‘प्रायव्हसी’ एवढंच उत्तर आलं, आणि इकडे त्यावर कोणी पुढे काही विचारत नाही.

‘ब्रोकन इन’ वाचून माझा नवरा खूश. डोंबिवलीत सीझन बॉल खेळलेला माणूस. विलोची नवी बॅट आणली की तिला जवसाचं तेल पाजायचं, लाकडी हातोडीने रोज ठोकत बसायचं, मग कुठे ती मॅचला काढायची, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. खेळवलेली बॅट नव्या बॅटीपेक्षा गोड लागते यावर त्याचा पूर्ण विश्वास. आणि विकणारा यात खोटं काहीच सांगत नव्हता! कंपोझिट म्हणजे कार्बनचे तंतू आणि राळ. शंभर-दोनशे फटके बसले की राळ आतून जराशी सैल होते आणि बॅट मोकळी होते. खऱ्या गोष्टीच्या आड खोटा माल खपवायचा, ही या धंद्यातली खरी हुशारी.

याच मोकळं होण्यापायी 2009 साली एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेने कॉलेज बेसबॉलमध्ये कंपोझिट बॅटींवर बंदी आणली होती. कोरी असताना चाचणीत पास होणारी बॅट वापरून वापरून मर्यादा ओलांडायची. आता प्रमाणपत्र देण्याआधी कंपोझिट बॅट रोलरमध्ये दाबून मुद्दाम जुनी करतात आणि तरीही ती मर्यादेत राहते का ते तपासतात. पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या प्रयोगशाळेत हे काम चालतं. म्हणजे सरळपणे खेळून मोकळी झालेली बॅट नियमात बसते. पण शिक्का बोलतो तो कारखान्यातून निघालेल्या बॅटीबद्दल. नंतर कोणी टोकाचं टोपण काढून आतली भिंत तासली, तरी वरचा शिक्का जसाच्या तसा असतो. जाहिरातीत शिक्क्याचा फोटो मोठा करून का टाकतात ते मला आता कळतं.

भेट ठरली एका डायनरच्या पार्किंगमध्ये, संध्याकाळी, उजेड जाता जाता. माणूस बोलायला गोड. आमच्या चिरंजीवांना म्हणाला, घे, फिरवून बघ. त्याने फिरवली आणि चेहराच उजळला. ‘आई, किती हलकी आहे गं!’ पुरावा तिथेच समोर होता. पण हलकी बॅट भरभर फिरते आणि चौदा वर्षांच्या पोराला तेवढंच हवं असतं, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक. वर ‘सात वाजता दुसरे एकजण कॅश घेऊन येतायत’ हा ठेवणीतला मंत्र. कार्ड नाही, चेक नाही. फोनवरच्या अ‍ॅपने, मित्राला पाठवतो तसे पैसे पाठवा म्हणाला.

बिंग फुटलं ते फेब्रुवारीत, इनडोअर केजमध्ये, म्हणजे छताखालच्या सरावाच्या जाळीत. कोच एल-स्क्रीनच्या, म्हणजे फटक्यापासून वाचवणाऱ्या जाळीच्या, आडून चेंडू टाकत होता. काही फटके स्क्रीनवर असे काही आदळले की त्याने हात वर करून थांबवलं आणि बॅट मागितली. काही न बोलता ती कानाशी नेऊन नारळ हलवतात तशी हलवली, टोपणाच्या कडेने नख फिरवलं आणि विचारलं, कुठून घेतली? पोरगा लालबुंद. कोच त्याच्यावर चिडला नाही हे मुद्दाम सांगते. त्याने असल्या बॅटी आधी पाहिलेल्या होत्या. त्या दिवशी स्क्रीनच्या जागी टीममधलाच एखादा मुलगा पिचिंग करत असता तर, हा विचार मला त्या 240 डॉलरपेक्षा जास्त छळतो.

घरी ओट्यावरच्या डिजिटल काट्यावर वाटी ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि वाटीवर बॅट आडवी तोलली. 30 औंस म्हणजे साधारण 850 ग्रॅम. काटा दाखवत होता 791, तेही ग्रिपसकट! म्हणजे आत काय केलंय ते शोधायची गरजच नव्हती, निव्वळ वजनावरच ही बॅट बाद. मग टॉर्च घेऊन टोपण पाहिलं. कारखान्यातून आलेल्या बॅटीत टोपणाची कड सगळीकडून सारखी बसलेली असते. इथे एका बाजूला पारदर्शक गोंदाची केसाएवढी रेघ बाहेर आलेली आणि शेजारी रंगावर बारीक ओरखडा, पात्याने उचकटल्यासारखा. आत सुटलेला गोंदाचा खडा खुळखुळत होता.

आमचा चोर आळशी निघाला हे आमचं नशीब. तासल्यावर कमी झालेलं वजन काही जण टोकाशी काहीतरी भरून परत वाढवतात, मग काटाही काही सांगत नाही. आणि बॅट जास्त मोकळी करायला कोणी ती नुसतीच रोलरमधून काढलेली असेल, तर टोपणाला हातही लागलेला नसतो; वरून ओळखणं जवळजवळ अशक्य. त्यामुळे वजन बरोबर भरलं म्हणून बॅट चांगली असं समजू नका. वजन कमी भरलं तर मात्र तिथूनच परत फिरा.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर सभ्य होतं: वॉरंटी फक्त पहिल्या खरेदीदाराला, तीही मूळ पावतीवर, आणि टोपण उघडलेल्या बॅटीवर तर नाहीच. यात कंपनीला दोष देता येत नाही. पण खरेदी करताना लक्षात ठेवा की तासलेली बॅट लवकर तडकते. भिंतच उरलेली नसते ना. म्हणजे ही पकडली गेली नसती तरी ऐन सीझनमध्ये मोडली असती आणि हातात काहीच आलं नसतं.

मॅचमध्ये पकडली गेली असती तर? हायस्कूलच्या नियमांत बेकायदा बॅट घेऊन उतरणारा बॅटर आउट, आणि हेड कोचला उरलेली मॅच डगआउटमध्ये बसून काढावी लागते. दुसऱ्यांदा तसंच झालं तर कोच मैदानाबाहेर. नववीतल्या नव्या मुलामुळे कोचवर ही वेळ आली तर त्या मुलाचं टीममध्ये काय होईल ते तुम्हीच ठरवा.

विकणाऱ्याला मेसेज केला. आधी म्हणाला ‘जशी आहे तशी विकली’. मग म्हणाला तुम्हीच काहीतरी केलं असेल. मग ब्लॉक. प्रोफाइलही गायब. पैसे पाठवायच्या अ‍ॅपवाल्यांचं म्हणणं, व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलात, त्यामुळे परतावा नाही. क्रेडिट कार्ड असतं तर निदान वाद घालायला जागा होती, आणि नेमकं म्हणूनच त्याला कार्ड नको होतं. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, रिपोर्ट नंबर दिला, पण फार आशा ठेवू नका असंही सांगितलं. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या एफटीसी या सरकारी संस्थेच्या साइटवरही तक्रार टाकली आहे.

शेवटी बॅट पुन्हा कोणाच्या हाती पडू नये म्हणून नवऱ्याने गॅरेजमध्ये करवतीने कापली. त्याच मॉडेलची तडकलेली एक बॅट कोचकडे होती, तीही कापून शेजारी ठेवली. फरक नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. चांगल्या बॅटीची भिंत एकसारखी जाड, आतून गुळगुळीत. आमच्या बॅटीत एका बाजूला भिंत निम्म्यावर आलेली आणि आत लेथने उठवलेली कडी, एकाला लागून एक. बोट फिरवलं की जाणवत होती. ज्याने हे केलं त्याचा हातही धड बसलेला नव्हता.

आता तुम्ही काय करायचं ते. सेकंडहँड घ्यायचीच असेल तर काटा बरोबर न्या, भर उजेडात भेटा, टोपण नीट बघा, आणि पूर्ण, न झाकलेली पावती दाखवत नसेल तर सोडून द्या. मॉडेलचं नाव प्रमाणित बॅटींच्या यादीत शोधा, पण रद्द झालेल्यांची यादीही बघा. मान्यता मिळालेल्या बॅटीही कधीकधी बाद होतात. डीमरिनी कंपनीच्या 2017 च्या वूडू मॉडेलची 33 इंच 30 औंसाची बॅट अशीच बाद झाली होती. असा माल नंतर सेकंडहँड बाजारातच येतो. आणि अनोळखी साइटवर 500 ची नवी बॅट 90 डॉलरला दिसली तर ती नकली आहे असंच धरून चाला.

आम्ही काय घेतलं? एका साध्या दुकानातून गेल्या वर्षीच्या मॉडेलची अ‍ॅल्युमिनियमची बॅट. कंपन्या दरवर्षी नवी मॉडेलं काढतात आणि जुन्यांच्या किमती उतरतात. अ‍ॅल्युमिनियम पहिल्या दिवसापासून आहे तसंच लागतं, खेळवून मोकळं करायची भानगड नाही. शिवाय आमच्याकडे सीझन सुरू होतो तेव्हा थंडी असते, आणि थंडीत कंपोझिट तडकायची भीती असते. खरं तर नववीच्या मुलाला कंपोझिट हवीच कशाला, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. चिरंजीव कुरकुरले, जड वाटते म्हणाले. ड्रॉप थ्री बॅट जड वाटणारच. तेवढा दंड कमवायला आता पुशअप्स चालू आहेत.

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने ‘ही घेऊ का’ म्हणून लिंक पाठवली. नाव दुसरं, गाव दुसरं, बॅट 33/30, मुलगा पुन्हा कॉलेजला गेलेला, आणि पावतीवर तोच अंगठा. जाहिरातीची तक्रार केली आणि ती निघालीही, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये ट्रायआउट जवळ आल्या की तो परत येईल. दिसला तर ‘रिपोर्ट’ दाबा आणि स्क्रीनशॉट तुमच्या कोचला पाठवा.