खरा सिगार की वनस्पतींची सिगारेट?

जुन्या काळावरच्या चित्रपटात धूर खरा हवा का? ‘डार्केस्ट अवर’मध्ये (२०१७) चर्चिल साकारताना गॅरी ओल्डमनने चारशेवर खरे सिगार ओढले, निकोटिनची विषबाधा झाल्याचं त्यानेच सांगितलं. पण राखेचा तो जाड तुरा, संथ जळणं, बोटांना जाणवणारं वजन नकली मालात येत नाही. आणि चर्चिल तर १९०० पासून लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या रॉबर्ट लुईसच्या सिगारच्या दुकानाचं पक्कं गिऱ्हाईक!

‘मॅड मेन’ या अमेरिकी टीव्ही मालिकेत मात्र तंबाखूविना, वनस्पतींच्या सिगारेटी. निकोटिन नाही, धूर आहेच (फुप्फुसांना फरक थोडाच कळतो). साठच्या दशकातलं न्यूयॉर्कचं ऑफिस, टेकवर टेक. तिथे हेच परवडतं. क्लोजअपला मी खरा सिगार देईन, तोही हातात धरण्यापुरता.